धागा: इंदूरात राहून जॅझ सॅक्सोफोन – वाद्य, तयारी आणि पोटापाण्याचं गणित

कोमल_निषाद

मंडळी, गाण्याची तालीम झालेली आहे, ऑल्टो सॅक्सोफोनवर गाण्यांच्या सुरावटी नीट निघतात. आता जॅझमधलं उत्स्फूर्त वादन शिकून त्यातच पुढे जायचं आहे. निदान पहिली काही वर्षं इंदूर सोडायचं नाही. इथे राहून हे कितपत जमतं? तयारी कोणत्या क्रमाने करावी? रागसंगीताचा उपयोग होतो की अडथळा? आणि पोट कशावर भरायचं? सल्ला नेमका द्यावा, "मेहनत घ्या" एवढंच लिहू नका ही विनंती.

तीन_नंबर_रीड

ताई, आधी कारकीर्द कशी घडते ते बघा, कारण तयारीचा क्रम त्यावरून ठरतो.

सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनच्या तारखा घ्या. १९४५-४६ मध्ये नौदलाच्या बँडात. मग एडी विन्सन, डिझी गिलेस्पी, अर्ल बॉस्टिक, जॉनी हॉजेस यांच्याकडे एकामागून एक नोकऱ्या. १९५५ ला माइल्स डेव्हिसकडे, १९५७ ला तिथून काढलं गेलं, त्याच वर्षी थेलोनियस मंकबरोबर न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉटमध्ये. स्वतःचा चौघांचा बँड १९६० ला. १९६७ मध्ये, चाळिसाव्या वर्षी तो गेला. स्वतःच्या नावावर सात वर्षं आणि त्याआधी दीड दशक दुसऱ्याच्या डाव्या हाताला उभं राहून. सनी रोलिन्सने तर नाव झाल्यावर १९५९ ते ६१ कार्यक्रम बंद ठेवले आणि विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन रियाज केला. चार्ली पार्करने १९५४ च्या एका मुलाखतीत सांगितलं होतं की तीन-चार वर्षं तो रोज ११ ते १५ तास वाजवत असे.

म्हणजे हा धंदा मुळात साथीदाराचा. लोक बोलावतात ते ज्याचा आवाज भरीव आहे, जो गाण्याचा आराखडा हरवत नाही आणि ज्याचं वाद्य ऐनवेळी रुसत नाही अशाला. बोटांचा वेग सगळ्यात शेवटी विचारला जातो. इथली बरीच मुलं नेमकी तिथून सुरुवात करतात.

आवाजापासून सुरू करा. नुसत्या माउथपीसवर फुंकलं तर ऑल्टोला पांढरी सहाच्या जवळ सूर लागतो, टेनरला पांढरी पाच. जॅझवाले ऑल्टोलाही त्याच्या थोडं खाली ठेवतात. सूर वर जात असेल तर जबडा चावतोय. गळ्याला पट्टी बांधल्यासारखा बारीक आवाज बहुतेक वेळा यातूनच येतो, आणि लोक उगाच माउथपीस बदलत बसतात.

मग ओव्हरटोन. सगळ्यात खालच्या बी फ्लॅटची बोटं धरा आणि बोटं न हलवता त्याच नळीतून वरचा बी फ्लॅट, त्यावरचा एफ, त्यावरचा बी फ्लॅट, मग डी काढा. ओठ आवळून नाही, घशाचा आणि जिभेचा आकार बदलून. प्रत्येक सूर निघाला की लगेच त्याची नेहमीची बोटं धरून तोच सूर वाजवा आणि दोन्हींचा रंग जुळवा. रोज १५ मिनिटं पुरतात, पण रोज. पहिले कित्येक आठवडे त्या एफच्या वर काही निघत नाही, त्याने घाबरू नका.

लाख_आणि_चामडं

वाद्याचं कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. शिकणाऱ्याला "माझी खालची पट्टी लागत नाही" असं वाटतं तेव्हा निम्म्या वेळा दोष वाद्याचा असतो.

वाद्य घेताना, विशेषतः जुनं घेताना, हे बघा:

गळा, म्हणजे माउथपीस बसतो तो वरचा वाकडा तुकडा, बाजूने डोळ्यासमोर धरा. वरची कमान सरळ हवी, खाली दबलेली नको. पेटीतून गळा ओढून काढणाऱ्यांच्या हातून तो दबतो आणि वरच्या सप्तकाचा सूर बिघडतो. गळा शरीरात घट्ट बसायला हवा. स्क्रू आवळूनही डुगडुगत असेल तर तिथून हवा जाते आणि खालचे सूर गुळगुळ करतात.

जी सुराची बोटं धरा आणि अंगठ्याने ऑक्टेव्हची चावी दाबा-सोडा. गळ्यावरची छोटी चावी अजिबात हलता कामा नये. ए धरल्यावर मात्र तीच उघडायला हवी. जी वर असताना ती जराशी जरी उचलली तर जी उडतो.

आता सगळ्यात फसवा दोष. जी शार्पची चावी दाबून ठेवा आणि उजव्या हाताची एफ, ई किंवा डी दाबा. जी शार्पचं झाकण पूर्ण बंद व्हायला हवं. डाव्या करंगळीच्या टेबलावरच्या खालच्या बी, बी फ्लॅट, सी शार्प या चाव्या जी शार्पलाही ओढतात, आणि ते झाकण दाबून धरायचं काम एका छोट्या समायोजन स्क्रूचं असतं. तो सैल झाला की जी शार्प केसभर उघडतो आणि खालचे तीन-चार सूर बुडबुडे काढतात. पॅड, म्हणजे झाकणाखालची चामड्याची गादी, बदलायची गरज नसते. स्क्रू एक अष्टमांश फेरा फिरवा, बघा, परत फिरवा. जास्त आवळलात तर उजव्या हाताची झाकणं बंद होईनाशी होतात.

गळती तपासायला अंधाऱ्या खोलीत नळीत एलईडीची पट्टी सोडा आणि चावी हलक्या बोटाने मिटा. पॅडच्या कडेने उजेड दिसला की तिथे गळती. पट्टी नसेल तर सिगारेटच्या कागदाची ५ मिलिमीटरची चिंधी पॅडखाली ठेवून, चावी मिटून ओढा. चारही बाजूंना सारखा अडसर लागला पाहिजे.

नेहमी बंद राहणारे पॅड, म्हणजे खालचा ई फ्लॅट, जी शार्प आणि तळहाताच्या चाव्या, ओल धरून आधी कुजतात. पावसाळ्यात ते चिकटतात. कोरडा कागद ठेवून चावी दाबायची आणि दाब सोडून मग कागद काढायचा. दाबून ओढलात तर चामडं फाटतं. वाजवण्याआधी गोड चहा किंवा सरबत प्यायलात तर पाण्याने चूळ भरा. निम्मी चिकट तिथून येते.

चावी तुटली तर सराफ्यातला चांगला कारागीर चांदीचा डाग लावून देतो. आधी पॅड, कॉर्क आणि स्प्रिंग काढून द्या, नाहीतर आचेने सगळं जातं. स्प्रिंग तापली की तिचा ताण कायमचा गेला समजा.

मेरठच्या जाली कोठी भागात बँडची वाद्यं बनतात. मिरवणुकीला ती चालतात. पण कोणतंही स्वस्त वाद्य ट्यूनर लावून तपासा: खालचा डी, मधला डी आणि वरचा डी यांत फार अंतर असेल तर ते ओठाने भरून काढता काढता तुमची पद्धतच बिघडेल. यामाहाचा विद्यार्थी ऑल्टो वायएएस-२८० महाग पडतो, पण निदान वाद्यावर ढकलायची सोय राहत नाही.

वाचनमात्र

+१. जी शार्पच्या स्क्रूचं वाचून आत्ताच पेचकस शोधला. वाचनखूण साठवली आहे.

महूकर

कोमलताई, गाण्याची सवय आहे म्हणून पट्ट्यांचं कोष्टक आपल्या भाषेत देतो. सॅक्सोफोनवर ज्या नावाच्या सुराची बोटं धरतो त्यापेक्षा वेगळा सूर ऐकू येतो, आणि बँडात कोणी "बी फ्लॅट ब्लूज" म्हणालं की विचार करायला वेळ नसतो.

काळी पाच म्हणजे बी फ्लॅट: ऑल्टोवर जी, टेनरवर सी. काळी दोन: ऑल्टोवर सी, टेनरवर एफ. पांढरी चार: ऑल्टोवर डी, टेनरवर जी. पांढरी एक: ऑल्टोवर ए, टेनरवर डी. काळी चार, म्हणजे बायकांची नेहमीची पट्टी: ऑल्टोवर एफ, टेनरवर बी फ्लॅट. काळी एक: ऑल्टोवर बी फ्लॅट, टेनरवर ई फ्लॅट.

गंमत अशी की गायकांच्या काळ्या पट्ट्या सॅक्सोफोनला सोप्या जातात आणि गिटारवाल्यांची लाडकी पांढरी तीन आपला जीव काढते. ऑल्टोवर ती सी शार्प होते, सात शार्प. म्हणून रोज एक तरी पलटा सी शार्पमध्ये आणि एक एफ शार्पमध्ये घ्या. हॉटेलात गिटारिस्ट पट्टी बदलून देणार नाही.

महूच्या छावणीमुळे या भागात फौजी बँडातून निवृत्त झालेले सॅक्सोफोन-क्लॅरिनेटवाले भेटतात. पचमढीला लष्कराचं संगीत प्रशिक्षण होतं. तिथून आलेल्या माणसाचं नोटेशन वाचन, श्वास आणि सूर पक्का असतो. जॅझ त्यांच्याकडून मिळेलच असं नाही, पण पहिलं वर्ष अशा माणसाकडे काढा. समोर कागद ठेवला आणि वाजवता आलं नाही तर मुंबईच्या स्टुडिओत दुसऱ्यांदा कोणी बोलावत नाही.

मेरुखंड

रागसंगीत अडथळा आहे असं कोणी सांगेलच, त्याआधी दुसरी बाजू मांडतो.

जॅझवाले ज्यांना मोड म्हणतात ते स्वरांच्या हिशेबात आपल्या थाटांच्या घरचे आहेत. डोरियन म्हणजे काफी, मिक्सोलिडियन खमाज, लिडियन कल्याण, फ्रिजियन भैरवी, एओलियन आसावरी. ज्याच्या कानात हे बसलं आहे त्याला नावं पाठ करायला एक दुपार लागते. १९५९ मध्ये माइल्स डेव्हिसच्या बँडाने, ज्यात कोल्ट्रेन आणि कॅननबॉल ॲडर्ली हे दोन सॅक्सोफोनवाले होते, "सो व्हॉट" ध्वनिमुद्रित केलं. त्यात १६ बार (एक बार म्हणजे चार मात्रा) डीवरचा काफी, ८ बार अर्धा स्वर वर ई फ्लॅटवरचा काफी, ८ बार परत डीवर. गाणाऱ्याने सुरुवात इथून करावी. बदल एकच आणि तो स्वच्छ ऐकू येतो.

आणि आपण इंदूरचे आहोत! उस्ताद अमीर खाँसाहेबांची मेरुखंड पद्धत हीच तर बढतीची विद्या आहे. चार स्वरांचे २४ क्रम, पाचांचे १२०, सातांचे ५०४०. सा रे ग प हे चार स्वर घ्या. कोल्ट्रेनचं १९५९ चं वेगवान वादन उतरवून बघा, हाच चौकटीचा तुकडा वेगवेगळ्या षड्जांवर बसवलेला सापडतो. त्याचे २४ क्रम बारा पट्ट्यांत म्हणजे २८८ तुकडे. एक हंगाम पुरेल एवढा रियाज.

तीन_नंबर_रीड

मेरुखंड साहेब, कान तयार असतो हे शंभर टक्के मान्य. पण अडचण नेमकी कुठे येते तेही लिहायला हवं. गाणाऱ्याचा षड्ज हलत नाही. तानपुरा मागे आहे, प्रत्येक स्वराचं नातं त्याच्याशी. जॅझमध्ये जमीनच दर बारला, कधी दर दोन मात्रांना सरकते. अशा वेळी रागसंगीत शिकलेला माणूस एकच थाट धरून सगळ्या गाण्यावर फिरतो. एकही स्वर चूक नसतो आणि तरी वादन गाण्याच्या वर तरंगत राहतं, आत शिरत नाही. इथल्या बहुतेक "फ्यूजन" मैफलींचा आजार हाच आहे.

उपाय सरगमनेच सांगतो. पांढरी एकमधली सगळ्यात नेहमीची चाल: डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन. म्हणजे रे म ध सां, मग प नि रें मं, मग सा ग प नि. तिन्ही एकाच बिलावलातले, म्हणून बिलावल वाजवत सुटलं की चाललं असं वाटतं. आता प्रत्येक जुळणीचा (कॉर्डचा) तिसरा आणि सातवा स्वर तेवढा उचला. पहिलीत म आणि सा, दुसरीत नि आणि म, तिसरीत ग आणि नि. यातून दोन धागे निघतात: एक म, म, ग. दुसरा सा, नि, नि. एका धाग्यात दुसऱ्या बारला हालचाल होते, दुसऱ्यात तिसऱ्या बारला. हे दोन धागे लांब सुरांत वाजवा. मागे काही नसतानाही ऐकणाऱ्याला हार्मनी कळली पाहिजे. कळली की मग त्यांच्याभोवती स्वर घाला.

ब्लूजमध्ये, म्हणजे बारा बारच्या ठरलेल्या साच्यात, हीच गोष्ट जास्त ठळक आहे. पहिली जुळणी सा ग प आणि कोमल नि. पाचव्या बारला चौथ्या स्वरावर जातो: म ध सा आणि कोमल ग. म्हणजे नेमक्या पाचव्या बारवर शुद्ध गंधार कोमल होतो आणि कोमल निषाद उतरून धैवत होतो. हे दोन उतार पहिल्या मात्रेवर दाखवता आले की ब्लूज वाजला. बाकी वेगाची तानबाजी केली नाही तरी चालते.

मेरुखंड

हे मान्य. आणि याला आपल्याकडचा मार्गही आहे: गाऊन बघा. बासचा खालचा सूर हार्मोनियमवर डाव्या हाताने धरायचा आणि वर ते धागे तोंडाने गायचे. सॅक्सोफोन मागाहून. जे गाता येत नाही ते बोटांतून आलं तर ते पाठ केलेलं असतं, सुचलेलं नव्हे.

एक भर घालतो. जी सेव्हनच्या जागी डी फ्लॅट सेव्हन वाजवला तरी त्यात तिसरा आणि सातवा हे म आणि नि हेच दोन स्वर असतात, फक्त जागा बदलून. म्हणून बास खाली अर्ध्या स्वराने उतरतो आणि तुमचे धागे तसेच राहतात. पियानोवाल्याने हे अचानक केलं तर गडबडू नका.

मींडेबद्दलही कोणी विचारेल. वरच्या सप्तकात जबडा सैल करून सूर अर्धा स्वर खाली ओढता येतो, खालच्या सप्तकात फारसा नाही. तिथे चावी हळू उघडून घसरावं लागतं. कद्री गोपालनाथांनी कर्नाटक संगीतासाठी सॅक्सोफोन वळवला तेव्हा वाद्यातही फेरफार केले होते आणि त्यांची आधीची घडण नागस्वराची होती. साध्या ऑल्टोवर त्यांच्या ध्वनिमुद्रणाची नक्कल करून ओठ दुखवून घेऊ नका.

कोमल_निषाद

धागे गाऊन बघितले, म म ग आणि सा नि नि हे लगेच कळलं. पण मागे ट्रॅक लावला की कितव्या बारवर आहे हेच विसरायला होतं. तबल्यासोबत असं होत नाही.

दोन_आणि_चार

कारण तबल्यात ठेका तुम्हाला जागा सांगत असतो, खाली-भरी कानावर पडते. स्विंगच्या ड्रममध्ये सगळ्या मात्रा वरवर सारख्याच, आणि जोर दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर. म्हणून हिशेब दुसरीकडून लावायचा.

बारा बारचा ब्लूज म्हणजे ४८ मात्रा. तुमच्या भाषेत तीनतालाची तीन आवर्तनं. ३२ बारचं गाणं म्हणजे १२८ मात्रा, आठ आवर्तनं. ते बहुधा ए ए बी ए असं असतं, म्हणजे दोन-दोन आवर्तनांचे चार भाग आणि तिसरा वेगळा. बारा बारमध्ये दुसरं आवर्तन नेहमी चौथ्या स्वराच्या जुळणीवर उघडतं, तिसरं पाचव्याकडे जाणाऱ्या चालीने. एवढं धरलं की हरवणं कमी होतं.

मेट्रोनोम ६० वर ठेवा आणि प्रत्येक टिक दुसरी आणि चौथी मात्रा समजा. लय १२० झाली. पहिल्या दिवशी टिक परत परत पहिल्या मात्रेवर घसरेल. सॅक्सोफोन बाजूला ठेवा, टिकवर टाळी द्या आणि गाण्याचा मुखडा गुणगुणा. बसलं की वाद्य उचला. आयरिअल प्रो सारख्या ॲपवर साथ लावत असाल तर पियानो बंद करा, फक्त बास आणि ड्रम ठेवा. पियानो चालू असताना तो तुमचं काम करत असतो.

वाजवताना हरवलात तर? बोटं चालवत राहू नका. चार बार गप्प बसा. ड्रमवाला आठ-आठ बारच्या शेवटी काहीतरी भरतो, आणि बी भाग आला की रंग बदलतो. तिथून आत या. गप्प बसणं श्रोत्यांना विचारपूर्वक वाटतं, चुकीच्या जागी चाललेली तान मात्र स्टेजवरच्या प्रत्येकाला कळते.

आता गाणाऱ्यांची एक खोड. ड्रमवाल्याबरोबर चार-चार बार वाटून घेताना तिहाई घेऊन समेवर येण्याचा मोह होतो. पण ती सम त्याच्या चार बारची पहिली मात्रा असते. तुम्ही त्याच्या दारात उभे राहता. आपलं वाक्य चौथ्या बारच्या तिसऱ्या मात्रेपर्यंत संपवा.

वादक जमून एकत्र वाजवतात अशा सत्रात पहिल्यांदा गेलात तर दोन, फार तर तीन फेऱ्या (गाण्याचा पूर्ण आराखडा म्हणजे एक फेरी) घ्या. शेवटची फेरी चालू असताना पुढच्याकडे बघा. मुखडा, सगळ्यांचे सोलो, चार-चार, मुखडा, शेपूट हा क्रम सुरुवातीलाच ठरवून घ्या. गाणी निवडताना एफ आणि बी फ्लॅटमधले ब्लूज, एक मायनर ब्लूज, मग "ऑटम लीव्ज", कारण त्यात मेजर आणि त्याच्याच जोडीच्या मायनरची चाल लागोपाठ येते. सहसा ते जी मायनरमध्ये असतं, ऑल्टोवर ई मायनर. पंधरवड्याला एक गाणं, तेही कागद न बघता. वीस गाणी अशी पक्की असलेला माणूस शंभर गाण्यांचा कागद घेऊन येणाऱ्यापेक्षा जास्त बोलावला जातो.

तीन_नंबर_रीड

याला जोडून: दुसऱ्याचे सोलो उतरवायचेच आहेत, पण आठ बारच्या तुकड्यांत. मूळ वेगावर ऐका, गाऊन दाखवता येईपर्यंत वाद्य उचलू नका. मग ७० टक्के वेगावर वाजवा, श्वास आणि जिभेचा आघात जिथे त्याने घेतला तिथेच घ्या. लिहून शेवटी काढा. प्रत्येक स्वराखाली त्या जुळणीचा कितवा तो आकडा लिहा, मग तेच वाक्य आणखी तीन पट्ट्यांत. लेस्टर यंग, मग डेक्स्टर गॉर्डन, मग रोलिन्स. ऑल्टोला पॉल डेझमंड. पार्कर नंतर. त्याचं थेट उतरवायला घेतलं की स्वर मिळतात आणि लय निसटते.

अनवट_७

भिया, सगळं छान, पण इंदूरात हे ऐकणार कोण? विजयनगरात कुठल्याही ठिकाणी गेलं की "पंचमची गाणी वाजवा" एवढीच फर्माईश.

महूकर

मग वाजवायची! त्याच गाण्यांच्या मधल्या तुकड्यांत मनोहारी सिंगांनी जे वाजवलं ते कुठल्याही जॅझवाल्याला लाजवेल असं आहे, आणि ते बासरी, क्लॅरिनेट, मँडोलिनही वाजवायचे. गोव्याच्या वादकांचंही तेच. रात्री मुंबईच्या हॉटेलात जॅझ आणि दिवसा सिनेमाचा स्टुडिओ. त्यातूनच ब्राझ गोन्साल्विससारखे सॅक्सोफोनवाले पुढे आले, आणि १९७८ ला मुंबईत जॅझ यात्रा सुरू झाली तेव्हा त्यांना ऐकणारा वर्ग तयार होता. पंचमच्या गाण्याचा मुखडा जसाच्या तसा वाजवा, अंतऱ्याच्या जुळण्यांवर दोन फेऱ्या स्वतःच्या घ्या, परत मुखडा. टेबलावरची माणसं तक्रार करत नाहीत. मुखडा मोडलात तर करतात.

पैशाची बाजू. इथे लग्नाच्या तिथींवर सगळं चालतं. देवउठनी एकादशीपासून हंगाम, मधे डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत खरमास, म्हणजे लग्नं न करण्याचा महिना, कोरडा, परत जूनपर्यंत काम (मार्च-एप्रिलमधला दुसरा खरमास सोडून), मग चातुर्मासात शुकशुकाट. तेव्हा वर्षाचा खर्च या हंगामाच्याच कमाईवर बसवा आणि चातुर्मास रियाज, शिकवण्या आणि घरून ध्वनिमुद्रण यांसाठी राखा. घरून पाठवायचं तर २४ बिट, ४८ किलोहर्ट्झची वेव्ह फाइल, कोणताही एको न घालता. इफेक्ट मिक्स करणारा घालतो, घातलेला काढता येत नाही.

ठरवताना लेखी घ्या: ४५ मिनिटांचे दोन भाग, मधला वेळ, आवाजाची व्यवस्था कोणाची, जेवण, येणं-जाणं, निम्मी रक्कम आगाऊ. कंपनीचं काम असेल तर व्यावसायिक फी म्हणून बहुधा १० टक्के टीडीएस कापला जातो, पॅन आणि बिल तयार ठेवा आणि विवरणपत्र भरून जास्तीचा परत मागा. गाण्यांच्या जाहीर वादनासाठी आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचा) परवाना घेणं हे आयोजकाकडे असल्याचं त्याच कागदावर असू द्या.

शुद्ध जॅझ वाजवायला महिन्या-दोन महिन्यांनी मुंबईला जावं लागेल. अवंतिका एक्सप्रेस रात्रीची आहे, सकाळी पोचवते. वाद्य सीटखाली नाही, डोक्याशी ठेवा. विमानात सामानात टाकू नका. आणि इथे एक गिटारवाला किंवा बासवाला धरून आठवड्यातून एकदा ठरलेल्या दिवशी बसा. ड्रम नसला तरी चालतो. एकट्याने ट्रॅकवर वाजवणाऱ्याचं ऐकणं सुटतं, आणि उत्स्फूर्त वादनात अर्धं काम ऐकण्याचंच आहे.

दोन_आणि_चार

आवाजवाल्यांबद्दल एक. ते माइक थेट भोंग्यात घालतात. भोंग्यातून फक्त अगदी खालचे सूर जोरात येतात, बाकी सगळे वाटेतल्या छिद्रांतून बाहेर पडतात. म्हणून खालचा बी फ्लॅट फाटतो आणि मधला भाग गायब. माइक फूट-सव्वा फुटावर ठेवून डाव्या हाताच्या चाव्यांकडे तोंड करायला सांगा. शेजारी ओरडतात म्हणून भोंग्यात टॉवेल कोंबणाऱ्यांनाही हेच उत्तर: त्याने खालचे दोन-तीन सूर तेवढे बिघडतात, आवाज कमी होत नाही. रजया टांगलेलं कपड्यांचं कपाट उघडून त्याकडे तोंड करून वाजवा. हळू फुंकायची सवय मात्र लावून घेऊ नका.

कोमल_निषाद

सगळ्यांचे आभार. शेवटचे दोन प्रश्न. माउथपीस आणि रीड (त्यावर बसते ती वेताची पट्टी) कोणतं? मे महिन्यात रीड वाकडी होतात आणि जुलैत बुरशी धरतात, त्याचं काय? आणि ऑल्टोच ठेवू की टेनर घेऊ?

तीन_नंबर_रीड

ऑल्टोच ठेवा. टेनरला फुंक जास्त लागते, वजनही जास्त, आणि काळी चार-पाचच्या गायिकांबरोबर ऑल्टो त्यांच्याच सप्तकात बसतो. कोल्ट्रेनही आधी ऑल्टोवरच होता. विन्सनच्या बँडात टेनर धरायची वेळ आली.

माउथपीस मेयर ५ किंवा त्यासारखा, टोकाची फट १.८ मिलिमीटरच्या आसपास. यामाहा ४सी वरून आलात तर पहिले पंधरा दिवस आवाज सैल आणि बेसुरा वाटेल. रीड अडीच नंबर, जड गेलं तर दोन. माझ्या नावावर जाऊ नका, जाड रीड म्हणजे मोठा वादक असं काही नसतं.

दहाच्या डबीतली चार काढा, त्यांवर पेन्सिलीने आकडे घाला आणि पाळीपाळीने वाजवा. पहिल्या दिवशी प्रत्येकावर पाचच मिनिटं, दुसऱ्या दिवशी दहा. एकच रीड घासत बसलं तर ते मरतं आणि नवं ऐन कार्यक्रमात घ्यावं लागतं. उन्हाळ्यात लू सुटली की टोकाला लाटा येतात. मिनिटभर पाण्यात ठेवा, मग माउथपीसच्या सपाट भागावर अंगठ्याने दाबून धरा, लाट बसते. पाठ वाकडी झाली असेल तर ६०० नंबरचा पॉलिश पेपर काचेवर ठेवून चार-पाच हात फिरवा, टोक कागदाबाहेर ठेवून.

लाख_आणि_चामडं

पावसाळ्यात रीड पुसून, काचेवर सपाट ठेवून वाळवा आणि मगच डबीत घाला. ओलं रीड माउथपीसवर ठेवून टोपी लावली की तिसऱ्या दिवशी बुरशी. तसंच नळीत ओला फडका ठेवून पेटी बंद करू नका, पॅड त्यातलंच पाणी पितात. फडका ओढून बाहेर काढायचा आणि पेटी दहा मिनिटं उघडी ठेवायची.

डिसेंबरात बाहेरच्या मांडवात वाजवताना वाद्य गार असतं, सूर उतरतो. सुरू करण्याआधी चाव्या मिटून नळीत दोन मिनिटं गरम श्वास सोडा, मग ट्यून करा. घरी ज्या जागी माउथपीस सुरात बसतो तिथे कॉर्कवर पेन्सिलीची रेघ ओढून ठेवा. थंडीत रेघेच्या आत ढकला, मे महिन्यात बाहेर ओढा. आणि कॉर्कला ग्रीस लावा, खोबरेल नको. थंडीत ते गोठतं आणि माउथपीस फिरवताना गळा वाकतो.